विचारा की! : बोटीवरची पंगत आणि घड्याळ

मे महिन्याच्या सुट्टीत क्रूझ करून आलेल्यांची पत्रं या वेळी जास्त आहेत आणि बहुतेकांची तक्रार एकच, जेवणाची. समुद्र छान होता, केबिन छान होती, पण डायनिंग रूममध्ये आमचं वाजलं, असं सगळेच म्हणतात. मी बोटीवर असिस्टंट वेटर म्हणून लागलो आणि हेड वेटर होऊन कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत परत आलो. त्यामुळं काही उत्तरं दाराच्या आतल्या बाजूनं दिली आहेत. राग मानू नका.

प्रश्न : काका, आम्ही राजारामपुरीतले. आम्ही दोघं भाऊ, बहीण-भावोजी, मुलं आणि आई असे दहा जण सिंगापूरहून क्रूझला गेलो. आमचं बुकिंग इथल्या एजंटाकडून, बहिणीचं पुण्यातून. चढल्यावर कळलं की आमचं जेवण पावणेसहाला आणि त्यांचं सव्वाआठला. एवढ्या लांब येऊन वेगवेगळं कशाला जेवायचं म्हणून आम्ही सगळेच सव्वाआठला गेलो. दारावर अडवलं. आत बघतो तर आमच्या टेबलावर दुसरीच माणसं बसलेली. भाऊ चिडला, आवाज चढला, आईला उगाच ओशाळं झालं. शेवटी वरच्या मजल्यावर बुफेत जेवलो. पैसे भरून हे असं का?

उत्तर : आईंना त्रास झाला याचं वाईट वाटलं. पण तुमच्या टेबलावर ‘दुसरीच माणसं’ बसलेली नव्हती. सव्वाआठला ते टेबल त्यांचंच होतं. तुमचं ते पावणेसहाला होतं, आणि तेव्हा तुम्ही आला नाहीत.

मोठ्या बोटीवर दोन-तीन हजार प्रवासी सहज असतात. मुख्य डायनिंग रूममध्ये सगळे एका वेळी मावत नाहीत, म्हणून दोन पंगती. पहिली साडेपाच-सहाच्या सुमारास, दुसरी आठ-सव्वाआठला. आपल्या मंगल कार्यालयात पहिली पंगत ताकभातावर आली की दुसरीतले लोक खुर्चीमागं येऊन उभे राहतात. बोटीवर तसं उभं राहू देत नाहीत, एवढाच फरक. दोन पंगतींच्या मधे वेटरला जेमतेम अर्धा-पाऊण तास मिळतो. तेवढ्यात टेबलं उचलायची, कापड बदलायचं, प्रत्येकाचे काटे-चमचे-ग्लास नव्यानं मांडायचे. पहिल्या पंगतीतले लोकही दुसरीत आले तर दहा जणांना एकत्र बसवायला रिकाम्या खुर्च्या कुठून आणायच्या?

आता मूळ घोळ. बुकिंग दोन ठिकाणाहून झालं की दोन वेगळे बुकिंग नंबर पडतात. कोणी मुद्दाम सांगितल्याशिवाय कंपनीच्या कॉम्प्युटरला तुम्ही आणि तुमची बहीण एकमेकांना ओळखता हे कळायचं कारण नाही. आडनावंही वेगळी. दोन्ही एजंटांनी एकमेकांचे बुकिंग नंबर कंपनीला कळवून ते जोडून घ्यायला हवे होते. याला लिंक करणं म्हणतात, बहुतेक ठिकाणी त्याला पैसे पडत नाहीत. दोन्हीकडं जेवणाची वेळ एकच निवडलेली असली पाहिजे, ही अट मात्र आहे. एकानं ठरलेली वेळ घेतली आणि दुसऱ्यानं ‘हवं तेव्हा जेवा’ हा पर्याय, तर बुकिंग जोडूनही टेबल एक मिळत नाही. हा दुसरा पर्यायही आता जुना झाला. नॉर्वेजियन क्रूझ लाइननं २००० साली तो ‘फ्रीस्टाइल’ या नावानं आणला आणि नंतर बऱ्याच कंपन्यांनी आपापल्या नावानं उचलला. त्यात वेळेची सक्ती नाही, पण दहा जणांचं एकत्र टेबल ऐन गर्दीत मागितलंत तर थांबावं लागतं.

निघण्याआधी जे राहिलं ते पहिल्या दुपारी सुधारता येतं. टेबल वाटणारा डायनिंग रूमचा मुख्य, ज्याला बोटीवर मेत्र-डी म्हणतात, तो पहिल्या दिवशी दुपारी ठरावीक जागी तक्ता घेऊन बसतो. वेळ आणि जागा त्या दिवसाच्या कार्यक्रमपत्रिकेत किंवा ॲपमध्ये असते. घरातल्या एकानं सगळ्यांची केबिन कार्डं घेऊन त्याच्याकडं जायचं. एकानंच. दहा जण गेलात की तो आधी दहा जणांना शांत करतो, मग तक्ता उघडतो. त्या दुपारी जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा. पहिल्या रात्री बरेच लोक दमून बुफेत जेवतात, काही जण वेळ बदलून घेतात, आणि मग तक्त्यावर जागा दिसायला लागतात. संध्याकाळी आठला दारावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात यातलं काहीच नसतं. तो पोरगा कदाचित रत्नागिरीचा किंवा मडगावचा असेल, आणि त्याच्यावर ओरडून टेबल मिळाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

आणखी एक शक्यता, कारण असं दर आठवड्याला घडतं. बऱ्याच बोटींवर डायनिंग रूम दोन-तीन मजल्यांवर असते, आणि प्रत्येक मजल्याचं दार वेगळं. काही बोटींवर एक डायनिंग रूम मधे असते, दुसरी अगदी मागच्या टोकाला आणि दोन्हींच्या मधे गॅली, म्हणजे भटारखाना. त्या मजल्यावरून सरळ चालत पलीकडं जाताच येत नाही; वर चढा, बोटीच्या मागं जा, मग परत खाली उतरा. टेबल नंबरबरोबर कार्डावर डायनिंग रूमचं नाव आणि मजलाही सहसा छापलेला असतो. तो पहिल्या दिवशी दिवसाउजेडी बघून ठेवा. रात्री भरजरी साडीत आईंना घेऊन तीन जिने फिरायची वेळ येऊ नये.

पहिल्या रात्री उशीर होण्याचं खरं कारण मात्र वेगळंच असतं : बॅगा. चढताना दिलेल्या मोठ्या बॅगा केबिनच्या दाराशी यायला संध्याकाळ होते, आणि माणसं कपडे बदलायला बॅगेची वाट बघत बसतात. पहिल्या रात्री कुठंही नटूनथटून यायचं बंधन नसतं. एक जोड हातातल्या पिशवीत ठेवा आणि जेवायला चला.

प्रश्न : आम्ही दोघं सत्तरीचे, ताराबाई पार्कात राहतो. घरी रात्री नऊशिवाय जेवत नाही. यजमानांना मधुमेह आहे. मुलगा पहिली वेळ घ्या म्हणतो. कुठली घ्यावी?

उत्तर : दुसरी घ्या. मुलांना सांगा, पावणेसहा ही कोल्हापुरात चहा-भडंगाची वेळ आहे. बंदराच्या दिवशी फिरून साडेपाचला परत यायचं आणि लगेच हात धुऊन टेबलावर बसायचं, हे या वयात जमत नाही, आणि त्या घाईतच निम्मे लोक उशिरा येतात. थिएटरमधला कार्यक्रम चुकेल अशीही भीती नको. तो बहुधा दोनदा होतो : दुसऱ्या पंगतीवाल्यांसाठी जेवणाआधी आणि पहिलीवाल्यांसाठी जेवणानंतर. लहान मुलं बरोबर असती तर मी पहिली म्हटलं असतं.

मधुमेहाचं मात्र लक्षात ठेवा. तिथं ताट वाढून समोर येत नाही. सूप, मग सॅलड, मग मुख्य पदार्थ, मग गोड, असा दीड तास जातो. बसल्या बसल्या गोळी घेतली आणि पोटात पहिला घास अर्ध्या तासानं गेला असं होऊ शकतं. गोळीची वेळ निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या, आणि बसताच वेटरला ब्रेड आणायला सांगा. तो लगेच आणतो.

प्रश्न : आम्ही इचलकरंजीचे. फुकेतला उतरलो होतो. आमचे हे म्हणाले, मोबाइलमध्ये पावणेपाच वाजलेत, अजून तास आहे, निवांत चल. बोटीवर पोचलो तर जेवण सुरू होऊन गेलेलं. घड्याळ चुकलं की माणूस?

उत्तर : दोन्ही बरोबर होते वहिनी, पण दोन वेगळ्या देशांत. थायलंडचं घड्याळ सिंगापूर आणि मलेशियाच्या एक तास मागं आहे. बोट मधल्या बंदरात घड्याळ बदलेलच असं नाही. ते कॅप्टन ठरवतो, आणि तीन-चार दिवसांच्या फेरीत बऱ्याचदा निघालेल्या बंदराचीच वेळ चालू ठेवतात. तुमच्या यजमानांचा मोबाइल आपोआप थायलंडच्या वेळेवर गेला. तिथं पावणेपाच, बोटीवर पावणेसहा. फुकेतला बऱ्याच मोठ्या बोटी पातोंगसमोर नांगर टाकतात आणि किनाऱ्यावरून छोट्या होडीनं परत यावं लागतं, तिच्या रांगेत आणखी वेळ जातो.

जेवण हुकलं, तेवढ्यावर निभावलं म्हणा. बोट सुटायच्या अर्धा ते एक तास आधी सगळ्यांनी वर यायचं असतं आणि ती वेळ बोटीच्या घड्याळानं असते. कंपनीनं नेलेली सहल उशिरा आली तर बोट साधारणपणे थांबते. स्वतः टॅक्सी करून गेलेल्यांसाठी नाही. बंदराचा धक्का आणि पायलट, म्हणजे बोटीला बंदरातून वाट दाखवणारा माणूस, ठरलेल्या वेळेचे असतात, पुढच्या बंदरातली वेळही ठरलेली असते. पासपोर्ट बोटीवर राहिला असेल तर तो शक्यतो किनाऱ्यावरच्या एजंटाकडं देऊन बोट निघून जाते. पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च मग ज्याचा त्याचा. धक्क्यावर पिशव्या घेऊन धावणारी माणसं बघायला वरच्या डेकवर गर्दी होते आणि टाळ्याही पडतात, हेही सांगून ठेवतो.

उपाय साधा आहे. मोबाइलमधली आपोआप वेळ बदलायची सोय बंद करा आणि मनगटावर साधं घड्याळ बांधा. ते बोटीच्या वेळेला लावा आणि कुणी काही म्हटलं तरी हलवू नका. समुद्रात मोबाइल एअरप्लेन मोडवर ठेवा, नाहीतर बोटीवरच्या नेटवर्कचं बिल जेवणापेक्षा महाग पडतं. मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपला जाणाऱ्यांना वेळेचा हा घोळ नाही, सगळीकडं आपलीच वेळ.

प्रश्न : जयसिंगपूरहून लिहीत आहे. आम्ही जैन, सूर्यास्तानंतर जेवत नाही. टेबलावर अनोळखी कुटुंब होतं, ते मांसाहारी. बदलून मागितलं तर वाईट दिसतं का?

उत्तर : अजिबात नाही. मागा, फक्त टेबलावर बसलेले असताना मागू नका. जेवण झाल्यावर हेड वेटरला बाजूला घेऊन सांगा. आम्हाला अशी विनंती रोज कोणीतरी करायचं.

तुम्हाला पहिलीच पंगत सोयीची, पण कुठल्या समुद्रात चालला आहात ते बघा. सिंगापूर विषुववृत्ताला चिकटून आहे, तिथं वर्षभर सूर्य सातच्या आसपास मावळतो, म्हणजे साडेपाच-पावणेसहाला बसून, फार रेंगाळला नाहीत तर तुमचं होईल. नोव्हेंबरात भूमध्य समुद्रात गेलात तर पाचच्या आसपासच मावळतो, मग पहिलीही उपयोगाची नाही, दुपारीच बुफेत उरका. अलास्कात जूनमध्ये उलटं, दहाच्या सुमारापर्यंत उजेड.

जैन जेवण बुकिंगच्या वेळीच लिहून कळवा. कंदमुळं, कांदा, लसूण काय काय नको ते शब्दागणिक सांगा, ‘जैन’ एवढं म्हटलं की सगळ्यांना कळतं असं धरू नका. बोटीवर पहिल्या रात्री हेड वेटरला भेटा. असं वेगळं जेवण असलं की बऱ्याच ठिकाणी तो रोज रात्री उद्याचा मेन्यू आणून आधीच ऑर्डर घेतो, कारण गॅलीला ते वेगळं करावं लागतं. म्हणून तुम्ही उशीर करू नका. तुमचं ताट पावणेसहाच्या हिशेबानं तयार होतं. आणि गोडात हलणारी, जेलीसारखी वस्तू दिसली तर जिलेटिन आहे का विचारा. ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून होतं, आणि शाकाहारी म्हणवणारे पुष्कळ लोक ते नकळत खातात.

प्रश्न : दहा-पंधरा मिनिटं उशीर झाला तर एवढं काय बिघडतं? (शाहूपुरी)

उत्तर : तुमचं काही बिघडत नाही, शेजाऱ्याचं बिघडतं. एका टेबलाची ऑर्डर एकत्र जाते आणि पदार्थ एकत्र येतात. आठांपैकी दोघं आले नाहीत की सहा जण ब्रेड कुरतडत बसतात. माझ्या एका टेबलावर असं एक वयस्कर इंग्रज जोडपं होतं. पहिल्या रात्री हसून वाट बघितली, दुसऱ्या रात्रीही. तिसऱ्या रात्री म्हातारबाबांनी माझ्याकडं दुसरं टेबल मागितलं आणि त्या उशिरा येणाऱ्या कुटुंबाला शेवटपर्यंत वाटत राहिलं की त्यांची तब्येत बिघडली असावी. दारं सहसा पंधरा ते तीस मिनिटांनी बंद होतात. त्याच्या आत आलात तरी टेबल ज्या पदार्थावर असेल तिथून सुरू करायची तयारी ठेवा, सूप परत मागू नका.

प्रश्न : कांदा-लसूण चटणी नेली तर चालते का? आणि टीप किती द्यायची? (कसबा बावडा)

उत्तर : घरचं शिजवलेलं अन्न बहुतेक कंपन्या चढताना काढून घेतात. कारखान्यातून आलेली बंद पुडी सहसा सोडतात, तरी कंपनीचा नियम वाचा. उघडी पुडी घेऊन परदेशी बंदरात उतरू नका. केबिनमध्ये स्वतःची किटली लावायला मात्र बहुतेक बोटींवर परवानगी नाही, आगीच्या भीतीनं.

टीप बहुतेक बोटींवर माणशी रोजची म्हणून बिलात लागलेलीच असते. बिल बघा, मग ठरवा. ठरलेलं टेबल असेल तर रोज तोच वेटर असतो, त्याला तुमचा बिनसाखरेचा चहा तिसऱ्या दिवशी पाठ झालेला असतो. वरून काही द्यावंसं वाटलं तर शेवटच्या रात्री हातात द्या. टीप चुकवायला शेवटच्या रात्री बुफेत जेवणारे पुष्कळ असतात. आम्हाला ते टेबल नंबरासकट माहीत असायचे.