वणव्याच्या पट्ट्यात घर असेल तर बाहेरून भिंतींना काय लावावं?

तुम्ही तीन पर्याय दिलेत: फायबर सिमेंटचे बोर्ड, वीटकाम किंवा आगरोधक लेप दिलेलं लाकूड. वीट जमत असेल तर वीट, नाहीतर फायबर सिमेंट. लेपाच्या लाकडाच्या नादी लागू नका. उन्हापावसात लेप उतरतो आणि तो पुन्हा मारायचं कुणाच्याही लक्षात राहत नाही. पीव्हीसीच्या पट्ट्यांचं नाव तुम्ही काढलं नाहीत हे बरं केलंत, त्या धगीने मऊ पडून लोंबतात आणि मागचं प्लायवूड उघडं पडतं. वरून धातू दिसतो म्हणून आत पॉलिथिलीनचा, म्हणजे पेट घेणाऱ्या प्लास्टिकचा, गाभा असलेले पत्रेही नकोत. २०१७ मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवरची आग बाहेरच्या बाहेर वर चढली ती असल्याच पत्र्यांवरून, आणि ७२ माणसं गेली.

झालं तुमच्या प्रश्नाचं उत्तर. आता तुम्ही जे विचारलं नाहीत ते सांगते, कारण हाच प्रश्न काही वर्षांपूर्वी आमच्या घरात माझ्या दिरांनी विचारला होता आणि उत्तरही त्यांनीच देऊन टाकलं होतं.

आमचं घर उताराच्या माथ्यावर, मागे झाडी. भाऊजी एक दिवस फायबर सिमेंटचा नमुना घेऊन आले, वहीएवढा तुकडा. अंगणात विटेला टेकवून उभा केला, गॅसची टॉर्च अर्धा मिनिट त्यावर धरली आणि मागून तळवा लावून दाखवला. "वहिनी, हात लावा." मी लावला. कोमट होता. त्या कोमट तुकड्यावर घरातल्या सगळ्यांचं मत बनलं आणि होते नव्हते तेवढे पैसे भिंतींना गेले.

मी तीन गोष्टी सांगत होते. माळ्याच्या झरोक्यांची जाळी बदला. पन्हळीतला पाला वेळच्या वेळी निघेल अशी सोय करा. आणि भिंतीला येऊन भिडणारं लाकडी कुंपण शेवटच्या दीड मीटरपुरतं तरी काढा. जाळीचं नाव काढल्यावर भाऊजी हसले. "वहिनी, आग काय डास आहे का?" हा विनोद पुढे दोन वर्षं आमच्या घरात चालला. पाहुण्यांना सांगून झाला.

मग वणवा आला. आम्ही आदल्या संध्याकाळीच निघालो होतो. ज्वाळा घरापर्यंत पोचल्याच नाहीत, खालच्या ओढ्याजवळ वारा फिरला आणि आग दुसरीकडे वळली. पण ठिणग्यांना ओढा काय आणि रस्ता काय! वाऱ्यावर त्या किलोमीटरभर, कधी त्याहूनही पुढे जाऊन पडतात. वणव्यात जळणारी बहुतेक घरं ज्वाळांनी पेटत नाहीत, ठिणग्यांनी किंवा त्यांनी लावलेल्या लहानसहान आगींनी पेटतात, आणि पुष्कळदा आग पुढे निघून गेल्यावर काही तासांनी.

आमच्या झरोक्याची जाळी उंदीर-पाखरांसाठी लावलेली, सहा मिलिमीटर छिद्रांची. त्यातून आत आलेली ठिणगी माळ्यावरच्या जुन्या गादीवर पडली. गस्तीवरच्या अग्निशमन जवानांना झरोक्यातून धूर दिसला म्हणून घर वाचलं. त्यांनी आतून छत फोडून पाणी मारलं. मी नंतर वर चढून पाहिलं तर गादीला परातीएवढं भोक, कडा काळ्या आणि मधे राखेचा थर, फुंकर मारली की उडणारा. दोन वासे कोळसलेले, नखाने खरवडलं की खपली निघत होती. एवढं सगळं ज्या भोकातून आलं त्यात माझी करंगळीसुद्धा जात नव्हती.

भाऊजी आले. घराला एक फेरी मारली, मागच्या भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाले, "बघा, बोर्डाला काही झालेलं नाही." आत घोटाभर काळं पाणी साचलं होतं. सासूबाई दारात उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी." पोटच्या मुलाला इतकं नेमकं बोललेलं मी त्यांच्या तोंडून दुसऱ्यांदा ऐकलं नाही.

तेव्हा पैसे मोजकेच असतील तर आधी छताकडे बघा: कौलं, पत्रा, जे काही असेल ते 'क्लास ए' दर्जाचं, म्हणजे आगीच्या चाचणीतल्या सगळ्यांत वरच्या दर्जाचं. नळीची कौलं असतील तर वळचणीकडची उघडी तोंडं सिमेंटने बुजवा, पाखरं तिथेच घरटी करतात आणि ठिणगीला आयतं सरपण मिळतं. मग झरोके. ऑस्ट्रेलियाचं एएस ३९५९ मानक २ मिलिमीटरपेक्षा मोठं छिद्र चालवून घेत नाही. जाळी स्टीलची घ्या, प्लास्टिकची वितळते. बारीक जाळी धुळीने बुजते, म्हणून मधूनमधून ब्रश फिरवावा लागतो. पन्हळ धातूची. भिंतीपासून दीड मीटरपर्यंत फक्त खडी किंवा फरशी. झुडपं, सरपण, काथ्याचं पायपुसणं, काही नको. भिंत त्यानंतर.

विक्रेता 'क्लास ए'चा कागद दाखवेल तेव्हा चाचणी कोणती ते विचारा. छताचा 'क्लास ए' एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेच्या ई१०८ चाचणीतून येतो, आणि पृष्ठभागावर ज्वाळा किती पसरते हे बघणाऱ्या ई८४ चाचणीतही 'क्लास ए' असतो. लेप दिलेलं लाकूडही या दुसऱ्या परीक्षेत पास होतं. म्हणून ते जळत नाही असं नव्हे.

भिंतीला मी उगाच शेवटचा नंबर देत नाहीये. १९९०च्या दशकाच्या अखेरीस कॅनडात जंगलाचा तुकडा मुद्दाम पेटवून प्रयोग झाले, त्यात अमेरिकन वनसेवेच्या जॅक कोहेन यांनी आगीसमोर साध्या लाकडी भिंती उभ्या केल्या होत्या. १० मीटरवरच्या काही पेटल्या. २० आणि ३० मीटरवरच्या पेटल्या नाहीत. ऑगस्ट २०२३ मध्ये हवाईतलं लहाइना जळालं तेव्हा सुमारे शंभर वर्षांचं एक लाकडी घर लाल छतासकट उभं राहिलं. वर नवा जाड पत्रा होता आणि भोवती दगड अंथरलेले, तेही आगीचा विचार करून नव्हे. हे मी भाऊजींना फोटोसकट पाठवलं. "एका घरावरून नियम होत नाही," असं उत्तर आलं. तेवढं मात्र बरोबर आहे.

आणखी दोन गोष्टी त्यांच्या बाजूने सांगते, नाहीतर लबाडी होईल. शेजारचं घर दहा मीटरच्या आत असेल तर भिंत खरोखर महत्त्वाची ठरते, कारण झाड भर्रकन जळून जातं, पेटलेलं घर तासन्‌तास धग देत राहतं. अशा वेळी खिडक्याही बघा. साधी एकेरी काच धगीने तडकते आणि मग भिंत विटेची असून उपयोग नाही. टेम्पर्ड काचेची दुहेरी खिडकी घ्या. दुसरं म्हणजे, आमचं ते कुंपण त्या रात्री ठिणगीने पेटून जळत जळत थेट भिंतीपर्यंत आलं होतं, आणि बोर्डाने ते तिथे थोपवलं. तिथे लाकूड असतं तर मी हे वेगळ्याच पत्त्यावरून लिहीत असते. पण कुंपण मी म्हटलं तसं दीड मीटर आधी संपवलं असतं, तर बोर्डावर ती वेळच आली नसती. हे वाक्य मी भाऊजींना आजवर निदान वीसदा ऐकवलंय.

त्यांनी मागच्या वर्षी स्वतःच्या घराच्या सगळ्या झरोक्यांना स्टीलची बारीक जाळी बसवून घेतली. मला पुतणीकडून कळलं. फोन करून विचारलं तर म्हणाले, डास फार झालेत.