घंटी वाजते, पण आवाज येत नाही : इंटरनेट फोन अडॅप्टरबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात आयपी एक्स्चेंज (इंटरनेटवर चालणारं टेलिफोन एक्स्चेंज) आहे. त्याचं एक एक्स्टेन्शन घरी घेतलं, साधा फोन इंटरनेटला जोडणारा डबा म्हणजे अडॅप्टर लावून. घंटी वाजते, आमचं बोलणं कारखान्यात ऐकू जातं, पण तिकडचा आवाज इकडे अजिबात येत नाही. अडॅप्टर नवा आणून लावला, तरी तेच.
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : अडॅप्टर बदलून हा दोष जाणार नाही. इंटरनेटवरच्या फोनमध्ये घंटी वाजवणारे निरोप वेगळे आणि आवाज वेगळा जातो. निरोप एसआयपी नावाच्या पद्धतीने, बहुतेक ५०६० पोर्टवरून (पोर्ट म्हणजे क्रमांक दिलेलं दार). आवाज आरटीपी नावाच्या पद्धतीने, दुसऱ्याच पोर्टवरून. घंटी वाजते म्हणजे एसआयपी ठीक आहे. तुमचा आवाज तिकडे पोचतो म्हणजे कारखान्याच्या बाजूचा पत्ताही बरोबर आहे. चुकतोय तो तुमच्या घराचा पत्ता. अडॅप्टर कॉल जोडताना ‘आवाज इथे पाठवा’ म्हणून १९२.१६८.१.५ असा घरातला खासगी पत्ता कळवतो, आणि एक्स्चेंज त्याच पत्त्यावर आवाज पाठवत राहतं. खासगी पत्ता घराबाहेर चालत नाही, मग आवाज घरापर्यंत येणार कसा?

आधी दोष कुठे आहे ते पक्कं करा. अडॅप्टरची वायर काढून ठेवा, कारण एकच एक्स्टेन्शन दोन ठिकाणी रजिस्टर झालं (एक्स्चेंजकडे नोंदलं गेलं) की निदान चुकतं. मोबाइलवर एखादं सॉफ्टफोन (मोबाइललाच एक्स्टेन्शन बनवणारं) ॲप घेऊन त्यात तेच एक्स्टेन्शन भरा. मोबाइल डेटावरून एक कॉल करा, मग घरच्या वायफायवरून एक. डेटावर दोन्हीकडचा आवाज येतो आणि वायफायवर येत नाही, असं झालं तर दोष घरच्या राउटरचा. डेटा आणि वायफाय दोन्हींवर येत नसेल तर एक्स्चेंजमधली त्या एक्स्टेन्शनची सेटिंग बघायला हवी.

राउटरमध्ये पहिला संशयित एसआयपी एएलजी. ही सोय मदतीसाठी दिलेली असते, पण ती एसआयपीच्या निरोपातले पत्ते अर्धवट बदलते आणि घोळ वाढवते. राउटरच्या सेटिंगच्या पानावर नॅट (पत्त्यांची अदलाबदल), सिक्युरिटी किंवा ॲप्लिकेशन यांपैकी एका विभागात ती सापडेल. बंद करा, मग राउटर आणि अडॅप्टर दोन्ही बंद करून पुन्हा चालू करा. नुसतं ‘सेव्ह’ केल्यावर जुन्या जोडण्या तशाच राहतात, आणि ‘बंद करून फरक पडला नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

फायबर कंपनीचा डबा आणि त्याच्यापुढे तुमचा स्वतःचा राउटर, अशी रचना असेल तर एएलजी दोन्हीकडे बंद हवी. तुमच्या राउटरचा वॅन (बाहेरच्या बाजूचा) पत्ता बघा. तो १९२.१६८ ने सुरू होत असेल तर पत्त्यांची अदलाबदल दोनदा होते आहे. स्वतःचा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो पत्ते बदलणार नाही, नुसतं वायफाय देईल. पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर कंपनीच एक पत्ता अनेक ग्राहकांत वाटते आहे. तेवढ्यावरून फोन अडत नाही, पण घरच्या राउटरवर पोर्ट उघडून काही साधणार नाही.

कंपनीच्या डब्यात एएलजी बंद करायची सोयच नसेल, तर अडॅप्टरमध्ये एसआयपी ट्रान्स्पोर्ट (निरोप पाठवायची रीत) नेहमीच्या, उघड्या यूडीपीऐवजी टीएलएस करा, म्हणजे निरोप एन्क्रिप्ट होऊन (सांकेतिक रूपात) जातील. एक्स्चेंजमध्ये टीएलएस चालू हवं. एन्क्रिप्ट केलेला निरोप डब्याला वाचताच येत नाही, त्यामुळे तो बिघडवताही येत नाही. एक्स्चेंजवाल्याला त्या एक्स्टेन्शनसाठी सिमेट्रिक आरटीपी चालू करायला सांगा. मग एक्स्चेंज कळवलेल्या पत्त्याकडे न बघता, आवाज ज्या पत्त्यावरून आला तिथेच उत्तर पाठवतं. बऱ्याचदा एवढ्यावर काम होतं.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण सांगायलाच हवी. घरून जोडणी घेता यावी म्हणून कारखान्याचं ५०६० पोर्ट सगळ्या जगाला उघडं ठेवलं असेल, तर पासवर्ड ओळखून रात्रीतून परदेशी कॉल करणारे लोक असतात आणि बिल तुमच्या नावावर येतं. त्या एक्स्टेन्शनवर आयएसडी बंद ठेवा, पासवर्ड लांबलचक ठेवा. घरच्या आणि कारखान्याच्या, दोन्ही राउटरमध्ये व्हीपीएनची (इंटरनेटवरून खासगी जोडणीची) सोय असेल तर ती वापरणं सर्वांत उत्तम. पत्त्यांचा वरचा सगळा घोळही त्याने मिटतो.

प्रश्न : आमच्याकडून कधीही फोन लागतो. बाहेरचा फोन मात्र आम्ही कॉल केल्यानंतर थोडा वेळच आमच्याकडे येऊ शकतो, मग ‘उपलब्ध नाही’ असं ऐकू येतं.
– एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : अडॅप्टर थोडा वेळ गप्प राहिला की राउटर त्याच्यासाठी उघडलेली वाट बंद करतो. यूडीपीसाठी ही मुदत काही राउटरमध्ये जेमतेम ३० सेकंद असते. अडॅप्टरची पुन्हा रजिस्टर होण्याची वेळ बहुतेक ३६०० सेकंद ठेवलेली असते, म्हणजे मधला जवळपास तासभर बाहेरच्या कॉलला आत यायला वाट नाही. तुम्ही कॉल केला की ती पुन्हा उघडते. अडॅप्टरमध्ये नॅट कीप-अलाइव्ह (वाट उघडी ठेवणारे छोटे निरोप) चालू करून वेळ २० सेकंद ठेवा. तरीही अडलं तर रजिस्टर होण्याची वेळ ३०० सेकंदांवर आणा. त्याहून फार कमी करू नका. काही सेवा सारख्या येणाऱ्या विनंत्या अडवतात.

प्रश्न : खाली यंत्रमाग, वर घर. अडॅप्टर लावल्यापासून फोनवर सारखी भुणभुण असते. शिवाय घरातल्या जुन्या लँडलाइनच्या सगळ्या सॉकेटमध्ये हा फोन चालावा असं वाटतं. जमेल का?
– एक वाचक, पूर्व भाग

उत्तर : जमेल, पण आधी बाहेरून येणारी जुनी लाइन तोडा. भिंतीवरच्या पहिल्या डब्यात ती दोन तारांनी आत येते. मल्टिमीटर डीसीवर ठेवून तपासा. ४८ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर लाइन अजून जिवंत आहे. तशीच अडॅप्टरला जोडली तर त्याचं फोन पोर्ट (फोनची पिन बसते ती जागा) जळू शकतं. दोन्ही तारा सोडवा, टोकांना टेप लावा, मगच अडॅप्टर घरातल्या वायरिंगला जोडा. एका पोर्टवर जुना घंटीचा फोन एखादाच ठेवा. चार-पाच लावले तर घंटी मलूल वाजते किंवा वाजतच नाही.

भुणभुणीसाठी भिंतीतली वायर काढून फोन एक मीटरच्या कॉर्डने थेट अडॅप्टरला लावा. आवाज गेला तर दोष वायरिंगचा. मागाच्या मोटरच्या केबलला लागून ती लांबवर गेली असणार. किमान ३० सेंटिमीटर अंतर सोडा, ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. थेट लावूनही भुणभुण राहिली तर अडॅप्टरचा चार्जर बघा. अडॅप्टर यूएसबीवर चालणारा, ५ व्होल्टचा असेल तर तो पॉवर बँकवर चालवा. आवाज थांबला तर चार्जर बदला.

प्रश्न : नंबर फिरवल्यावर चार-पाच सेकंद काहीच होत नाही.
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर : नंबर संपला की नाही, याची अडॅप्टर वाट बघत असतो. शेवटी # दाबा, लगेच लागेल.

प्रश्न : वीज गेली की फोन बंद. उन्हाळ्यात हे फारच होतं.
– एक वाचक, सात रस्ता

उत्तर : फायबरचा डबा, राउटर आणि अडॅप्टर, तिन्हींना वीज हवी. राउटरसाठी मिळणारा छोटा डीसी यूपीएस घ्या, पण प्रत्येकाच्या स्टिकरवरचा व्होल्टेज वाचून. राउटर बहुतेक १२ व्होल्टचा आणि अडॅप्टर ५ चा असतो. चुकीची पिन घातली तर अडॅप्टर क्षणात जातो. यूपीएस बंद कपाटात ठेवू नका, सोलापूरच्या मे महिन्यात बॅटरी लवकर बसते. आणि ११२ लावायची वेळ आली तर या फोनवर अवलंबून न राहता मोबाइलवरून लावा.