रात्रीचा आवाज आणि आपली घरं

प्रश्न : घर हमरस्त्यालगत आहे. आता इतकी सवय झालीय की रात्री जागही येत नाही. मग काळजी कशाला करायची?

जाग येत नाही हे खरं, पण सवय तुम्हाला झालीय, हृदयाला नाही. झोपेतही कान मिटत नाहीत. जड वाहन गेलं की नाडी क्षणभर वाढते, रक्तवाहिन्या आकसतात, गाढ झोप उथळ होते. सकाळी यातलं काहीच आठवत नाही. वर्षानुवर्षं हे चाललं की रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी केलेल्या शिफारशींत रस्त्यावरच्या वाहतुकीचा रात्रीचा सरासरी आवाज घराबाहेर ४५ डेसिबलच्या आत असावा, असं म्हटलंय. विमानांसाठी तर ४०. झोपायची खोली मागच्या बाजूला हलवा. हा फुकटातला उपाय लोकांना हमखास सगळ्यात शेवटी सुचतो.

प्रश्न : पूर्वी मोबाइलवर ५५ डेसिबल दिसायचे, आता ५८. शेजारी म्हणतात, तिनाने काय बिघडतं?

डेसिबलची बेरीज साधी नसते. ३ ने वाढ म्हणजे ध्वनिऊर्जा दुप्पट. तशीच वाहनं रस्त्यावर दुपटीने धावू लागली तर एवढाच आकडा वाढतो. कानाला मात्र आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणून शेजाऱ्यांना फरक जाणवत नाही. अर्थात मोबाइलच्या मोजणीत दोन-चार डेसिबलची चूक सहज होते. एकच मोबाइल, एकच जागा ठेवा, वेळेसकट नोंदी करा. नुसती सरासरी लिहू नका. रात्रभर शांतता आणि मध्येच चार कर्कश हॉर्न, तर सरासरी छान दिसते आणि झोपेचं खोबरं होतं.

प्रश्न : वरच्या गच्चीत पाण्याचा पंप आहे. बेडरूमच्या छताला फोम लावला, तरी घरघर तशीच. काय चुकलं?

फोम खोलीतला घुमणारा आवाज शोषतो, बाहेरचा अडवत नाही. शिवाय तुमच्या पंपाचा आवाज बहुधा हवेतून येतच नाहीये. पंप चालू असताना भिंतीला तळहात लावा. थरथर जाणवली तर ती स्लॅब आणि पाइपांमधून उतरतेय. टेबलावर ठेवलेला मोबाइल थरथरला की टेबलच वाजतं, तसं. उपाय पंपापाशीच हवा : खाली त्याच्या वजनाला साजेसे रबरी किंवा स्प्रिंगचे माउंट, पाइपाच्या जोडाला लवचिक तुकडा, क्लॅम्पमध्ये रबर, आणि पाइप भिंतीतून जातो तिथे सिमेंटऐवजी मऊ भराव. यातली एक जागा जरी घट्ट राहिली तरी थरथर तिथून वाट काढते. आणखी एक अडचण सांगून ठेवतो. आवाज मोजायच्या मीटरची नेहमीची पद्धत, ‘ए’ मोजणी, खर्जातला आवाज कमी धरते. मीटर मामुली आकडा दाखवेल आणि तुम्हालाच वेड्यात काढतील. खर्ज बराचसा धरणारी ‘सी’ मोजणीही करायला लावा.

प्रश्न : सोसायटीच्या कडेने झाडं लावली तर?

जरूर लावा, पण आवाजासाठी नको. एका रांगेने डेसिबल जवळपास हलत नाहीत. रस्ता नजरेआड होतो म्हणून चिडचिड मात्र कमी होते. खरा अडसर म्हणजे फट नसलेली भरीव भिंत, तीही खिडकीतून रस्ता दिसू नये इतकी उंच. वरच्या मजल्यांना तिचा फायदा नाही.

प्रश्न : मुलीची अभ्यासाची खोली रेल्वेमार्गाकडे आहे. लक्षावर परिणाम होतो का?

होतो, आणि लक्षापेक्षा वाचनावर जास्त. न्यूयॉर्कच्या एका शाळेचे काही वर्ग उन्नत रेल्वेमार्गाला लागून होते. १९७५ च्या अभ्यासात त्या बाजूची मुलं शांत बाजूच्या मुलांच्या मागे पडलेली आढळली, वरच्या वर्गात तर जवळपास वर्षभराने. पुढे रुळांखाली रबरी पॅड आणि वर्गांत ध्वनिशोषक छत बसवल्यावर हा फरक मिटला. म्युनिकमध्ये १९९२ ला जुना विमानतळ बंद झाला, तेव्हा तिथल्या मुलांचं वाचन आणि स्मरण सुधारलं. नव्या विमानतळाजवळच्या मुलांचं घसरलं. तेव्हा खोली बदलाच. ते जमत नसेल तर खिडकीच्या चौकटीच्या फटी सीलंटने बुजवा, जाड काचेचा खर्च त्यानंतर करा. फट राहिली तर महागडी काच वाया जाते.