तलाठी की पटवारी, हे मशीनला कोण सांगणार?

पत्र थोडक्यात असं: "सिव्हिल लाइन्सला कोर्टाजवळ माझं डीटीपी-झेरॉक्सचं दुकान आहे. सव्वीस वर्षं झाली. पूर्वी दिवसाला पंधरा-वीस प्रतिज्ञापत्रं, करारनामे टाइप व्हायचे. आता लोक मोबाइलवर एआयकडून मजकूर करून आणतात आणि फक्त प्रिंट मागतात. धंदा अर्ध्यावर आला. मुलगी बारावी सायन्सला आहे, गणित आहे, दहावीला ८९ टक्के होते. माझं म्हणणं, ज्यानं आपला धंदा खाल्ला त्याच लाइनला जा, बी.टेक. एआय कर. सीईटीत कमी पडली तर मॅनेजमेंट कोट्यातून घेऊ, बेसा रोडचा प्लॉट विकतो. ती म्हणते, बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्स करते. स्वतः मात्र प्रॅक्टिकलचं जर्नल चॅटजीपीटीला विचारून लिहिते आणि वरून मलाच शिकवते की ग्रुपवर आलेली नेत्याची क्लिप खोटी आहे. काय करावं? आम्ही ओबीसीत येतो. – एक वडील, मानेवाडा, नागपूर"

भाऊ, नमस्कार.

आधी प्लॉटचं बोलू. विकू नका. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के शासन भरतं. पूर्वी ही सवलत पन्नास टक्के होती. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. तुम्ही दुकानाचं जे लिहिलंय त्यावरून तुम्ही त्यात सहज बसता. पण प्रवेश कॅपमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, झालेला असला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. म्हणजे जी सीट कॅपमधून जवळपास फुकट मिळू शकते, तिच्या शेजारच्या बाकावर बसायला तुम्ही प्लॉट विकणार आहात. हे मला कोणत्याच हिशेबात बसत नाही.

आता तुम्ही पत्राला जोडलेल्या कागदाबद्दल. गिऱ्हाइकानं मोबाइलवरून आणलेला खरेदीखताचा मसुदा, नावं खोडून, त्यावर तुमच्या लाल पेनाच्या खुणा. तुम्ही तो रागानं पाठवला असावा. मी मात्र तो दोनदा वाचला. 'तालुका'वर काट मारून तुम्ही 'तहसील' केलंय. 'तलाठी सज्जा' खोडून 'प.ह.नं.', म्हणजे आपला पटवारी हलका नंबर. 'गट क्रमांक'च्या जागी 'मौजा' आणि 'खसरा क्रमांक'. मशीननं आपल्याला पुण्याकडचा कागद दिला, बाप्पा! पण खरी गंमत चतुःसीमेत, म्हणजे प्लॉटच्या चारी बाजूंना काय आहे ते लिहितात तिथं, आहे. तिथं छापलंय, 'पूर्वेस : १२ मीटर रुंद रस्ता'. बाजूला तुमच्या अक्षरात : 'हा कुठून आला? गिऱ्हाईक म्हणते मी सांगितलाच नाही.'

बरोबर आहे, त्यानं नव्हताच सांगितला. हे मशीन कोट्यवधी पानं वाचून एवढंच शिकलेलं असतं की अशा वाक्यानंतर बहुतेक काय येतं. चतुःसीमेत बहुतेक वेळा रस्ता येतो, म्हणून रस्ता आला. प्लॉट त्यानं पाहिलेला नाही. रिकामी जागा त्याला बघवत नाही आणि 'मला माहीत नाही' हे तो फार कमी वेळा म्हणतो. मराठीत, त्यातही विदर्भाच्या महसुली मराठीत, त्याचं वाचन इंग्रजीच्या मानानं तोकडं आहे, म्हणून पट्कन उघडं पडतं. इंग्रजीत तेच गुळगुळीत होऊन येतं आणि शिकलेले लोकही फसतात. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी चॅटजीपीटीनं दिलेले निवाडे जसेच्या तसे कोर्टात दाखल केले. त्यातले सहा निवाडे अस्तित्वातच नव्हते. न्यायाधीशांनी पाच हजार डॉलर दंड ठोठावला. तुमच्या दुकानात कागद आला असता तर निदान चतुःसीमा तरी कोणी वाचली असती.

म्हणून मुलीच्या शिक्षणाचं ठरवताना मी एकच प्रश्न विचारते : या शिक्षणानंतर मशीनची चूक तिला पकडता येईल का? टायपिंग मशीन करेल. पहिला मसुदा, पहिला कोड, पहिला तक्ताही करेल. '१२ मीटर रुंद रस्ता' वाचून जो थांबतो, त्याला लोक पैसे देतील. तुम्ही टाइपरायटरवरून कॉम्प्युटरच्या श्री-लिपी फाँटवर आलात, तिथून युनिकोडवर. प्रत्येक वेळी बोटांचं काम बदललं, डोळ्यांचं नाही. आणि ते डोळ्यांचं काम गिऱ्हाईक फुकट घेऊन जातं, कारण तुम्ही पाटीवर 'टायपिंग' लिहिलंय. एकदा 'मसुदा तपासणी'चा वेगळा दर लावून बघा. सल्ला मुलीसाठी मागितला होता, पण हे मनात आलं ते लिहिलं.

या कसोटीवर तुमची लेक स्टॅटिस्टिक्स म्हणते ते अजिबात वेडेपणाचं नाही. एआयच्या पोटात जे आहे ते बरंचसं संभाव्यता, रेषीय बीजगणित आणि संख्याशास्त्रच आहे. पण तिलाही अर्धंच चित्र दिसतंय. नुसत्या बी.एस्सी.वर नागपुरात फारसं काही हाती लागत नाही. तिला पुढे एम.एस्सी. करावं लागेल, त्यासाठी नागपूर विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग आहेच, आणि पहिल्या वर्षापासून पायथन आणि आर या प्रोग्रामिंगच्या भाषा स्वतः शिकाव्या लागतील. गणितावर खरंच जीव असेल तर कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची प्रवेश परीक्षा द्यायला सांगा. १९३१ सालची, महालनोबिसांनी उभारलेली संस्था आहे. पेपर कठीण असतो, सीटा थोड्या असतात. पण तो पेपर सोडवून बघितला की आपल्याला गणित आवडतं की गणितात मार्क मिळालेले आवडतात, हे तिचं तिलाच कळेल.

आणि तुमची बी.टेक. एआय? ब्रँच वाईट नाही, तिच्या नावावर तुमचा जो भरवसा आहे तो मला वाईट वाटतो. पहिल्या वर्षाला गणित, फिजिक्स, प्रोग्रामिंग हे इतरांसारखंच असतं, आणि पुढेही कॉम्प्युटर इंजिनिअरिंगशी बराच भाग जुळतो. चांगल्या कॉलेजचं साधं कॉम्प्युटर हे नवख्या कॉलेजच्या एआयपेक्षा मी कधीही वर धरीन. कॉलेज बघायला जाल तेव्हा अॅडमिशनच्या काउंटरवर वेळ घालवू नका. कँटीनमध्ये तिसऱ्या वर्षाची पोरं गाठा आणि विचारा, मशीन लर्निंग शिकवायला कोण आहे, ते पूर्णवेळ आहेत का, लॅब खरंच उघडी असते का. प्लेसमेंटच्या यादीत कंपनीचं नाव सगळे वाचतात, तुम्ही पदाचं नाव वाचा. एआय शिकलेल्या मुलाला कॉल सेंटरचं पद मिळालं असेल तर त्याला यश म्हणायचं की नाही ते तुम्हीच ठरवा.

जर्नलबद्दल तुम्ही चिडलाय. तिची पिढी वेगळं काही करत नाही. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला आलं, म्हणजे शाळेत असल्यापासून ते तिच्या हाताशी आहे. आणि खरं सांगू का, आपण जर्नल कशी लिहिली होती? सिनिअरची वही आणून. फरक इतकाच की सिनिअरच्या वहीतली चूक सगळ्या वर्गाच्या वहीत सारखीच यायची आणि मॅडम पकडायच्या. मला वेगळी काळजी वाटते. प्रयोगात आलेलं रीडिंग चुकलं, तर ते का चुकलं यावर डोकं खाजवायची जी अर्ध्या तासाची कटकट असते, तिथेच विज्ञान शिकून होतं. ती कटकट मशीनला दिली की जर्नल पूर्ण होतं आणि पोरगी कोरी राहते. फोन काढून घेऊ नका, उपयोग होणार नाही. आधी स्वतः लिही, मग त्याला दाखव आणि त्याच्या दोन चुका काढून मला सांग, एवढंच म्हणा.

ती चुका काढू शकते, याचा पुरावा तुम्हीच दिलाय. विधानसभेच्या वेळची ती क्लिप. तुम्ही लिहिता, ती म्हणाली, "पप्पा, हे साहेब आपल्याकडचे आहेत, ते 'करून राहिलो' म्हणतात. क्लिपमध्ये 'करतोय, करतोय' चाललंय." भाऊ, यासाठी कोणतंही सॉफ्टवेअर लागलं नाही, कान लागला! २०२४ च्या लोकसभेच्या वेळी आमिर खान आणि रणवीर सिंग यांचे बनावट प्रचार व्हिडिओ फिरले होते. निवडणूक आयोगानं ६ मे २०२४ ला पक्षांना बजावलं की असा मजकूर लक्षात आणून दिल्यावर तीन तासांत हटवा. तीन तासांत एक क्लिप महालातून निघून मानेवाड्याला पोचते आणि चार ग्रुप फिरून येते. दुसरी बाजू मला जास्त सतावते. आता खरी क्लिप सापडली तरी नेता म्हणतो, ती एआयची आहे. तेव्हा नुसतं 'खोटं आहे' म्हणून चालत नाही, का खोटं आहे ते दाखवावं लागतं. तुमच्या लेकीनं दाखवलं. पत्रकारिता, कायदा, सायबर तपास या तिन्ही ठिकाणी हे लागतं. तिला पुढे कायद्याकडे वळावंसं वाटलं तर दचकू नका.

पोलिसांचं उदाहरण तर नागपूरचंच आहे. गृह विभागानं २०२४ मध्ये इथं 'मार्व्हल' ही कंपनी काढली, पोलिसांना एआयची मदत देण्यासाठी. २०२५ च्या ऑगस्टमध्ये जबलपूर मार्गावर ट्रकच्या धडकेत एका बाईचा जीव गेला आणि ट्रक पळाला. नवऱ्याला नंबर आठवत नव्हता, ट्रकवर लाल खुणा होत्या एवढंच सांगता आलं. टोलनाक्यांवरच्या सीसीटीव्हीतून मशीननं लाल खुणांचे ट्रक वेगळे काढले, वेगाचा हिशेब करून संशयित नक्की केला आणि ट्रक उत्तर प्रदेशात सापडला. डोळ्यांनी ते फुटेज बघायला किती दिवस गेले असते! पण 'लाल खुणा' हा शब्द त्या माणसाचा होता, आणि मशीननं दाखवलेला ट्रक तोच आहे ना, याची खात्री माणसांनाच करावी लागते. अशा ठिकाणी आकड्यांची भाषा येणारी आणि आकड्यावर आंधळा विश्वास न ठेवणारी पोरं लागणार आहेत.

तर माझं मत असं. सीईटी जीव लावून देऊ द्या. ऑप्शन फॉर्ममध्ये आधी चांगल्या कॉलेजांचं कॉम्प्युटर आणि एआय टाका, ब्रँचपेक्षा कॉलेज वर. कॅपमधून मनासारखं मिळालं तर फी शासन भरेल. नाही मिळालं तर स्टॅटिस्टिक्स, आणि तेही 'नाइलाज' म्हणून नाही. मॅनेजमेंट कोटा दोन्ही वेळा नाही.

त्याआधी एका रविवारी दुकानाचं शटर अर्धं ओढून दोघं बसा. तुमच्या कपाटातलं एखादं जुनं वाटणीपत्र काढा. त्यातली माहिती तिनं फोनला द्यावी, मसुदा काढावा, प्रिंट घ्यावी, आणि लाल पेन तिच्या हातात द्यावा. तुम्ही गप्प बसायचं. तिनं किती पकडल्या, तुम्ही किती पकडल्या, मोजा. ती प्रिंट मार्कशीटसोबत घेऊन दोघं भेटायला या.

येण्यापूर्वी उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर सेतूतून काढून ठेवा. जूनमध्ये तिथं उन्हात रांग लागते, आणि दाखल्यावरच्या नावाचं स्पेलिंग दहावीच्या मार्कशीटशी जुळतं का तेवढं तुमच्या डोळ्यांनी एकदा बघून घ्या.