नाशिकमध्ये मार्च-एप्रिलला परतीचे पक्षी (थंडीत येऊन आता परत जाणारे) दिसले तर पक्षीमित्रांच्या ग्रुपवर टाकावे का? साधेच पक्षी असले तरी चालतात का, आणि नेमकं काय लिहायचं?

तुमचं म्हणणं असं दिसतंय की पक्षी बघायला नुकतीच सुरुवात केलीय, ग्रुपवर बाकीचे गरुड-ससाण्यांचे भारी फोटो टाकतात आणि आपल्याला दिसतात ती बदकं नि धोबी, मग टाकायला संकोच वाटतो. माझं सरळ उत्तर, टाका. मार्च-एप्रिलमध्ये तर साधे पक्षीच आधी टाका.

का ते सांगतो. थंडीच्या सुरुवातीला पहिला चक्रवाक (तांबूस रंगाचं बदक) उतरला की त्याच दिवशी दहा जण लिहितात, कारण काल नव्हता आणि आज आहे हे लगेच कळतं. जाण्याचं तसं नाही ना. आज पाण्यावर चारशे तलवार बदकं, आठवड्याने दीडशे, मग कधीतरी वीस, आणि एक दिवस एकही नाही, पण ती वीस शेवटची होती हे त्या दिवशी कोणालाच माहीत नसतं, ते मागाहूनच कळतं आणि तेही मधल्या दिवसांत कोणीतरी लिहून ठेवलं असेल तरच. आणि नेमकं तेव्हाच आपल्याकडे ऊन वाढलेलं असतं, हौशी लोकांचे कॅमेरे कपाटात गेलेले असतात. त्यामुळे नाशिकला पक्षी कधी आले याच्या नोंदी भरपूर, कधी गेले याच्या फार कमी. तुमच्यासारखा नवा माणूस सुद्धा ही भर घालू शकतो, त्याला मोठी लेन्स लागत नाही.

आता कुठे बघायचं. नांदूरमधमेश्वर तर आहेच, शहरापासून ४० किलोमीटरच्या आसपास, निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमावर, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. चापडगावच्या बाजूला मनोरे आहेत, तिथून बघा. तिथे एक गोष्ट लक्षात ठेवा, तो बंधारा आहे आणि त्यातून गोदावरीचे कालवे निघतात, म्हणजे वरच्या धरणांतून आवर्तन (शेतीसाठी ठराविक काळाने सोडलेलं पाणी) सुटलं की पाणी चढतं आणि संपलं की उतरतं. पाणी उतरून चिखल उघडा पडला की पाणटिवळे, तुतवार वगैरे चिखलपायी मंडळी दिसायला लागतात, आणि पाणी चढलं की तीच जागा आठवडाभर रिकामी वाटते. त्यामुळे "यंदा पक्षीच नाहीत" असं एका फेरीवरून लिहू नका, पाणी किती होतं तेही सोबत लिहा, ती ओळ फार उपयोगी पडते.

पण लांब जायलाच पाहिजे असंही नाही. उन्हाळ कांद्याला नाहीतर घासाला पाणी सुटलेलं शेत दिसलं की तिथे थांबा, पिवळे धोबी हमखास असतात. आणि मार्चमधला पिवळा धोबी नीट बघाच. डिसेंबरमध्ये तो मळकट असतो, पिवळा म्हणायचा म्हणून पिवळा, मार्चच्या मध्यापासून नराची नवी पिसं भरत जातात, पोट हळदीसारखं पिवळंधमक होतं आणि डोकं कोणाचं राखाडी, कोणाचं निळसर आणि वर पांढरी भुवई, तर कोणाचं काळंकुळकुळीत, कारण हे सगळे एकाच ठिकाणाहून आलेले नसतात, उपजाती वेगवेगळ्या आणि त्यांचे जायचे मुलूखही वेगवेगळे. एकाच वाफ्यात तीन तऱ्हेची डोकी मिळतात कधीकधी. कुठल्या डोक्याचे किती आणि कधीपर्यंत होते एवढं लिहिलंत तरी माझ्या मते ती नोंद घुबडाच्या दहा फोटोंपेक्षा मोलाची आहे.

तसंच भोरड्यांचं, म्हणजे गुलाबी मैनांचं. पळस-पांगारा फुलला की मधासाठी त्यांचा नुसता कलकलाट असतो, ज्वारीच्या शेतातही पडतात, आणि एप्रिलपर्यंत थवे दिसत राहतात, जाता जाता अंगावरचा गुलाबी अगदी उजळून येतो. शिवाय तारांवर ओळीने बसलेल्या माळभिंगऱ्या. पट्टकादंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस) मात्र लवकर निघतात, ते हिमालय ओलांडून तिबेट-मंगोलियाकडे जाणारे, त्यांचा फोटो काढलात तर मान झूम करून बघा. मंगोलियात काही पक्ष्यांच्या मानेत आकडे-अक्षरं असलेला पट्टा घालतात आणि तसे पक्षी भारतात दिसलेले आहेत. असा पट्टा किंवा पायात रिंग दिसली तर रंग, अक्षरं लिहून घ्या आणि बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी, मुंबईची निसर्ग-अभ्यास संस्था) कळवा, फक्त ग्रुपवर टाकून सोडू नका.

लिहायचं काय, तर जागा, तारीख, वेळ, जात आणि अंदाजे संख्या. "चापडगाव मनोरा, सकाळी ७ ते ९, तलवार ६०च्या आसपास, थापट्या बदकं १००+, पाणी कमी, चक्रवाक दिसले नाहीत." बस. ते शेवटचं "दिसले नाहीत" गाळू नका. फोटो नसला तरी चालतो, ओळख पक्की नसेल तर "बहुतेक" लिहा आणि विचारा, चांगल्या ग्रुपवर कोणी हसत नाही आणि हसत असतील तर दुसरा ग्रुप बघा. ग्रुपवरचा मेसेज दोन दिवसात गुड मॉर्निंगखाली गाडला जातो म्हणून तीच यादी ईबर्डवरही (पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारी वेबसाइट) टाका. तिथे शेवटी विचारतात की ओळखू आलेले सगळे पक्षी टाकलेत का, त्याला "हो" म्हणता यावं म्हणून कावळा, साळुंकीसकट सगळे टाका, तसं केलं तरच यादीत नसलेला पक्षी खरंच दिसला नव्हता असं धरता येतं. २०२३ साली देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल आला त्यात ९४२ जातींचा आढावा होता आणि तो उभा राहिला ३० हजारांच्या आसपास साध्या निरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवर. त्यातले बहुतेक तुमच्या-माझ्यासारखेच, पगारी शास्त्रज्ञ नाहीत.

एक गोष्ट मात्र कधीच टाकू नका, घरट्याची जागा. परतीचे पक्षी जातात त्याच दिवसांत आपल्या इथल्या पक्ष्यांची वीण सुरू असते. नदीतल्या वाळूच्या बेटांवर नदीसुरय अंडी घालतात, टिटवी तर उघड्या माळावर. लोकेशन गेलं की दुसऱ्या दिवशी चार गाड्या येतात, आई उठते, आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात उघडी पडलेली अंडी वाचत नाहीत. घुबडाच्या ढोलीचंही तेच, तालुका सांगा, झाड सांगू नका. कोणी खाजगीत लोकेशन मागितलं तरी नाही म्हणा, आगाऊपणा वाटेल पण म्हणा.

या रविवारी जमत असेल तर उजाडायच्या आत निघा, साडेनऊनंतर पाण्यावर झळा मारायला लागतात आणि लांबचं बदक ओळखू येत नाही. दुर्बीण नसेल तर तिथे कोणाकडे तरी असतेच, मागा, देतात. आणि मे संपता संपता चातक कधी ऐकलात ती तारीख पण याच यादीत लिहायला लागा.