ऑक्सिजन सेन्सर बदलला, तरी इंजिनाचा दिवा पुन्हा का लागतो?

प्रश्न : माझी २०१६ सालची पेट्रोल हॅचबॅक आहे. इंजिनाचा पिवळा दिवा लागल्यावर गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, तेव्हा पी ०१७१ हा कोड आला. मेकॅनिकने पुढचा ऑक्सिजन सेन्सर नवीन बसवला आणि मॅफ सेन्सरही (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) साफ केला. पण आठवडाभरात दिवा पुन्हा लागला. आता मागचा सेन्सर बदलण्याचा सल्ला मिळत आहे. मोबाइलला जोडायच्या स्कॅनरवर गाडी आयडलिंगला असताना दोन्ही फ्युएल ट्रिमची (इंजिनाचा संगणक पेट्रोलमध्ये करतो त्या तात्काळ आणि दीर्घकालीन वाढ-घटीची) बेरीज +२१ टक्के दिसते आणि २५०० आरपीएमवर ती +६ पर्यंत उतरते. सेन्सर बदलावा का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : बदलू नये. पी ०१७१ या कोडचा अर्थ मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त आहे, एवढाच होतो. सेन्सर खराब आहे, असे तो सांगत नाही. उलट, बहुतेक वेळा सेन्सर चोख काम करतो म्हणूनच ही तक्रार ईसीयूपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या संगणकापर्यंत, पोहोचते. मागचा सेन्सर मुख्यतः कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर (धुरातील प्रदूषण कमी करणाऱ्या भागावर) लक्ष ठेवण्यासाठी असतो, त्यामुळे या कोडसाठी त्याच्यावर खर्च करणे व्यर्थ आहे.

तुम्ही आकडे कळवलेत, हे फार चांगले झाले, कारण खरे निदान त्यांतच आहे. आयडलिंगला इंजिन थोडीच हवा ओढते, म्हणून मॅफ सेन्सरच्या पुढे एखाद्या फटीतून चोरून शिरणारी हवा त्या वेळी प्रमाणाने मोठी ठरते. रेस केल्यावर एकूण हवा वाढते आणि फटीचा वाटा नगण्य होतो. पंप, फिल्टर किंवा इंजेक्टर कमी पेट्रोल देत असते, तर भार वाढेल तसा ट्रिम चढला असता. तुमच्याकडे तो उतरतो आहे. हल्ली सगळा दोष ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलवर ढकलण्याची पद्धत पडली आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने निव्वळ पेट्रोलसाठीचे हवा आणि इंधनाचे १४.७ : १ हे प्रमाण ई-२० साठी साधारण १३.५ : १ होते आणि ट्रिम काही टक्के वर सरकतो, हे खरे; परंतु तो आयडलिंगला आणि २५०० आरपीएमला जवळपास सारखाच सरकायला हवा.

म्हणून प्रथम इंटेकचे (हवा आत घेण्याच्या मार्गाचे) रबरी पाइप, ब्रेक बूस्टरकडे जाणारी व्हॅक्यूमची नळी, पीसीव्ही व्हॉल्व्हची (इंजिनातील वाफा परत इंटेकमध्ये सोडणाऱ्या झडपेची) नळी आणि मॅनिफोल्डचे गॅस्केट तपासून घ्यावे. रबरी पाइपच्या घड्या हाताने ताणून पाहाव्यात, कारण चीर बहुधा खालच्या बाजूला, नजरेआड असते. स्मोक मशीन (पाइपांत धूर सोडून गळती दाखवणारे यंत्र) असलेल्या गॅरेजमध्ये हे काम लवकर होते. तापलेल्या इंजिनावर ज्वालाग्राही क्लीनर फवारून गळती शोधण्याचा प्रघात मात्र धोक्याचा आहे. इंटेकमध्ये काही सापडले नाही, तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जोडावर काजळीचा काळा पट्टा दिसतो का आणि थंड इंजिन सुरू करताना टिकटिक आवाज येतो का, हे पाहावे. सेन्सरच्या अलीकडे अशी गळती असल्यास बाहेरची हवा आत खेचली जाते आणि मिश्रण बरोबर असूनही सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो.

नव्या सेन्सरविषयी शंका उरली असेल, तर इंजिन पूर्ण गरम करून स्कॅनरवर त्याचे व्होल्टेज पाहावे. साध्या झिर्कोनिया सेन्सरचे व्होल्टेज ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वरखाली होत असते. ॲक्सिलरेटर एकदम दाबल्यावर ते ०.८ च्या वर जावे आणि पाय काढल्यावर शून्याच्या जवळ यावे. एवढे झाले, तर सेन्सर ठणठणीत आहे. तुमच्या गाडीत वाइडबँड (मिश्रणाचे नेमके प्रमाण मोजणारा) सेन्सर असल्यास हे आकडे लागू पडत नाहीत.

प्रश्न : माझ्या गाडीत पी ०१३५ हा कोड येतो. सेन्सर काढून पेट्रोलने धुतल्यास चालेल का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : धुण्याने काहीही साधणार नाही. हा कोड पुढच्या सेन्सरमधील हीटरच्या सर्किटचा आहे. सेन्सर सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्याशिवाय नीट काम करत नाही आणि तो लवकर तापावा म्हणून आत हीटर दिलेला असतो. आधी फ्यूज पाहावा. नंतर इंजिन थंड असताना कनेक्टर सोडवून हीटरच्या दोन वायरींमधील रोध मल्टिमीटरने मोजावा. पुष्कळ सेन्सरमध्ये या दोन वायरी एकाच रंगाच्या असतात. रोध काही ओहम भरला, तर हीटर शाबूत आहे असे समजून वायरिंग तपासावे, आणि मीटरने सर्किट तुटलेले दाखवले, तर सेन्सर बदलण्यावाचून इलाज नाही. बसवताना मॅनिफोल्डच्या आसपास साधे सिलिकॉन सीलंट वापरू देऊ नये, कारण त्याच्या वाफांनी नवा सेन्सरही निकामी होतो.