पायऱ्या मोजा, किलोमीटर नको

प्रश्न : डॉक्टर मॅडम, माझी मुलगी लग्न होऊन म्युनिकला असते. पहिलंच आहे. पाचवा लागलाय, तारीख नोव्हेंबरची दिली आहे, रिपोर्ट सगळे नॉर्मल. आता दोघं म्हणतात, बाळ आल्यावर कुठलं फिरणं, म्हणून जूनअखेर सुटी काढून तिथला तो डोंगरावरचा राजवाडा, मग स्वित्झर्लंडचा बर्फ आणि व्हेनिस करून घ्यायचं. विहीणबाई अमरावतीच्या. त्यांचं म्हणणं, सातवा होईपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही. मुलगी म्हणते, "आई, इथली डॉक्टर हो म्हणाली, तू काहून घाबरून राहिली?" मी मधल्यामध्ये. तिला काय सांगू? ती पक्की शाकाहारी आहे, हेही कळवते.
— एक आई, महाल, नागपूर

उत्तर : ताई, जाऊ द्या तिला. तिच्या डॉक्टरने तपासून हो म्हटलंय. माझ्यासमोर तर फक्त तुमचं पत्र आहे. चौदाव्या आठवड्यापासून अठ्ठाविसाव्यापर्यंतचे दिवस फिरायला सगळ्यात सोयीचे. मळमळ गेलेली असते, पोट अजून आवरतं असतं आणि गर्भपाताची भीतीही बरीच ओसरलेली असते. विहीणबाईंचा हिशेब नेमका उलटा आहे. लांबच्या प्रवासाला मी हात आखडते तो सातवा लागल्यावर, पाचव्यात नाही. पण हे त्यांना तुम्ही सांगायला जाऊ नका, जावईबापूंना सांगू द्या. धरमपेठेतल्या दवाखान्यात विहिणी-विहिणींची ही भांडणं मी पुष्कळ ऐकली आहेत. मुलाच्या तोंडून आलेलं आईला लवकर पटतं.

निघायचं मात्र दुसरी सोनोग्राफी झाल्यावर. जर्मनीत ती १९व्या ते २२व्या आठवड्यात करतात. त्यात बाळाची वाढ आणि वार (प्लासेंटा) कुठे आहे ते दिसतं. वार खाली असेल, रक्त जात असेल, गर्भाशयाच्या तोंडाला टाका असेल, बीपी चढत असेल किंवा जुळं असेल, तर माझं वरचं सगळं रद्द समजा आणि तिथल्या डॉक्टरचं ऐका.

आता तुमच्या यादीकडे येते. प्रवास म्हटला की लोक किलोमीटर मोजतात. गरोदर बाईने पायऱ्या, उंची आणि संडास मोजावेत.

डोंगरावरचा राजवाडा म्हणजे नॉयश्वानश्टाइन असणार. बव्हेरियाच्या दुसऱ्या लुडविग राजाने तो १८६९ मध्ये बांधायला घेतला आणि २०२५ मध्ये तो युनेस्कोच्या यादीत गेला. फोटोत फार गोड दिसतो. खालच्या गावातून वर चढायला अर्धा-पाऊण तास लागतो. घोडागाडी मिळते, पण ती दारापर्यंत नेत नाही, शेवटचा चढ पायीच. आत गाइडबरोबरच सोडतात, तेही तिकिटावरच्या वेळेला, आणि दीडशेच्या वर पायऱ्या चढायच्या, जवळपास तितक्याच उतरायच्या. तब्येतीने धड असलेली मुलगी पाचव्यात एवढं चढते, त्याने बाळाला काही होत नाही. पण या दिवसांत अंगातल्या रक्तातलं पाणी वाढतं, हृदयाला जास्त काम पडतं, दम लवकर लागतो. रामटेकला आपण पायरीवर बसतो, घोटभर पाणी पितो, मागच्यांना म्हणतो, व्हा पुढे. इथे गट चालत राहतो आणि तुम्हाला त्याच्याबरोबर राहावं लागतं. मी तिच्या जागी असते तर राजवाडा खालूनच डोळे भरून पाहिला असता, पायथ्याच्या आल्पझे तळ्याकाठी डबा उघडला असता आणि आतून बघायची हौस त्याच राजाच्या लिंडरहोफवर भागवली असती. तो लहान आहे आणि फारसा चढही नाही.

स्वित्झर्लंडचा बर्फ म्हणजे बहुतेक युंगफ्राउयोख. आपल्याकडच्या टूरवाल्यांचं लाडकं ठिकाण. स्टेशन ३,४५४ मीटरवर. आपलं नागपूर जेमतेम ३०० मीटरवर, म्युनिक ५००च्या थोडं वर. तिथे वर हवेत श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन खालच्यापेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असतो, आणि गाडी काही तासांत तिथे नेऊन सोडते, शरीराला सवय करायला वेळच मिळत नाही. "मग विमान कसं चालतं?" असं जावईबापू विचारतील. विमानाच्या आत हवेचा दाब १,८०० ते २,४०० मीटर उंचीइतका ठेवलेला असतो. मी माझी रेघ २,५०० मीटरच्या आसपास ओढते. त्यांनी लाउटरब्रुनेनच्या दरीत धबधबे बघावेत, ब्रिएन्झच्या तळ्यात बोटीने फिरावं, इंटरलाकेनहून हार्डर कुल्मला केबलच्या गाडीने जावं. तो १,३०० मीटरच्या जरा वर आहे आणि बर्फाची शिखरं तिथूनही समोर दिसतात. बर्फात लोळायचं राहील, ते बाळ चालायला लागल्यावर.

या उंचीवरून एक विचारते, आणि हे फक्त नागपूरच्या डॉक्टरला सुचेल. दोघांची सिकलसेलची, म्हणजे ऑक्सिजन कमी पडला की रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात त्या आनुवंशिक आजाराची, तपासणी झाली आहे का? विदर्भात हा आजार आणि त्याचे वाहक पुष्कळ आहेत. २०२३ मध्ये देशभराचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं ते उगाच नाही. 'आमच्यात नसतं' हे वाक्य मी सगळ्या जातींच्या घरांत ऐकलं आहे आणि रिपोर्टने ते अनेकदा खोटं पाडलं आहे. मुलीला आजारच असेल तर उंचावर जाणं साफ बंद. नुसती वाहक असेल तर रोजच्या जगण्यात त्रास नसतो, तरी माझ्या २,५०० मीटरच्या रेघेवर मी तिला पाठवणार नाही. आणि दोघंही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. ते डॉक्टरला आत्ता कळलेलं बरं, नोव्हेंबरात नाही. रक्ताची एक चाचणी आहे, इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात. झाली नसेल तर तिने आपणहून मागावी.

व्हेनिसची मला सगळ्यात कमी काळजी आहे, फक्त बॅग कोण उचलणार ते विचारा. चारशेहून जास्त पूल आणि बहुतेकांना पायऱ्या. हॉटेल रेल्वे स्टेशनच्या किंवा बोटीच्या थांब्याच्या लगत घ्यावं, दोन पैसे जास्त गेले तरी चालेल. म्युनिकहून थेट रेल्वे आहे, ब्रेनर खिंडीतून जाते. सहा-सात तास लागतात, पण उठून चालता येतं आणि डब्यात संडास असतो. गाडी घेऊन जाण्यापेक्षा मला हेच आवडेल. एका जागी तासन्‌तास पाय लटकवून बसलं की गरोदरपणात पायाच्या शिरेत रक्त गोठायची भीती वाढते, म्हणून तासाभराने एक चक्कर मारायची. जूनअखेर तिथे ऊन आणि दमटपणा दोन्ही. नवतपा सोसलेल्या नागपूरच्या मुलीला दुपारी सावलीत बसायचं शिकवायला नको. सुटी नाणी मात्र जवळ ठेवावीत, सार्वजनिक संडासाला पैसे पडतात. आणि तिकडे दवाखाना नाही अशी धास्ती नको, मोठं सरकारी इस्पितळ बेटावरच आहे, रुग्णवाहिका बोटीची असते. आणीबाणीचा नंबर सगळ्या युरोपात ११२.

विम्याचं कुणाच्या लक्षात येत नाही. जर्मनीतला सरकारी विमा असेल तर त्याच कार्डाच्या मागच्या बाजूला युरोपचं आरोग्य कार्ड असतं. ते इटलीत चालेल. स्वित्झर्लंडमध्ये भारतीय पासपोर्टवाल्यांना ते चालत नाही. तेवढ्या दिवसांपुरता प्रवासविमा वेगळा काढावा आणि त्यात गरोदरपणातल्या गुंतागुंतीचा खर्च धरला आहे ना, ते विकत घेण्याआधी वाचावं. तिथे गरोदर बाईला एक वही देतात, मुटरपास. रक्तगट, सोनोग्राफ्या, सगळं त्यात. ती पर्समध्ये, मोठ्या बॅगेत नाही.

शाकाहारी आहे म्हणून खाण्याचं टेन्शन नाही, असं तुम्ही धरून चाललात. चीज विसरलात. न तापवलेल्या दुधाचं चीज आणि ब्री, कॅमेम्बर यांसारखी मऊ, पांढऱ्या सालीची चीज लिस्टेरिया नावाच्या जंतूमुळे टाळायची. बव्हेरियात ब्रेडबरोबर ओबात्सदा म्हणून मिळतं तेही कॅमेम्बरचंच. वेष्टनावर 'रोमिल्श' (कच्चं दूध) असा शब्द दिसला की परत ठेवायचं. तापवलेल्या दुधाचं एमेंटालसारखं कडक चीज, गरम पिझ्झा, पास्ता बिनधास्त. तिरामिसूत कच्चं अंडं असतं, तेव्हा तिकडे दोन्ही कारणांनी बघायचं नाही. बाहेरचं कापलेलं सॅलडही नको.

रक्त किंवा पाणी गेलं, डोकं फार दुखून डोळ्यांसमोर काजवे आले, एकाच पोटरीला सूज आली, तर फिरणं तिथेच थांबवून दवाखाना. आणि ताई, दिवसातून एकदाच फोन करा. ती पुलावर असेल, पायरीवर असेल, फोन घ्यायला धडपडेल.

प्रश्न : आमची सून नेदरलँड्समध्ये आहे, सप्टेंबरात पहिलं बाळंतपण. आम्ही दोघं व्हिसा काढतोय. ह्यांचं म्हणणं, तारखेच्या महिनाभर आधी पोचू आणि बाळ येण्याआधी सुनेला घेऊनच पॅरिस उरकू. आणि डिंकाचे लाडू इथूनच बांधून न्यावे का?
— मनीषनगर, नागपूर

उत्तर : नवव्या महिन्यातल्या सुनेला पॅरिसला? मुळीच नाही. ३७ आठवड्यांनंतर बाळ कधीही येतं, आणि ठरल्या तारखेला तर फार थोडी बाळं येतात. सासऱ्यांना आयफेल टॉवर बघायचाच असेल तर एकट्याने जाऊन यावं. सून हरकत घेणार नाही, किंबहुना तिला बरंच वाटेल.

महिनाभर आधी जायचीही घाई नको. पर्यटक व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, आणि पोचल्याचा व निघाल्याचा दिवसही त्यात धरतात. तिकडे बाळंतपणानंतर पहिला आठवडाभर प्रशिक्षित बाई रोज घरी येते, आई-बाळाचं बघते, दूध पाजायला शिकवते. क्रामझॉर्ख म्हणतात, मूळ विम्यात ते असतं. सुनेने नाव नोंदवलं आहे का, ते विचारा. खरी माणसांची गरज ती बाई गेल्यावर लागते. तारखेच्या सुमाराला पोचा आणि दिवस पुढच्या रात्रींसाठी राखून ठेवा. ब्रुसेल्स-पॅरिस दोन महिन्यांनी, सून आपणहून म्हणाली तर.

लाडू तिथेच बांधा. युरोपबाहेरून दूध, पनीर, खवा, तूप सामानात नेता येत नाही. तूप तिथल्या भारतीय दुकानात मिळतं. इथून डिंक, सुंठ, खारीक न्या. खसखस मात्र पिशवीत ठेवू नका. अमिरातीत तिच्यावर बंदी आहे, आणि शारजा-दुबईमार्गे जाणाऱ्याला विमानतळावर लाडवाची पाककृती समजावत बसायची वेळ येऊ शकते.